पौंड वाढवण्याआधी टोके हलकी करा: लाकडी धनुष्याच्या रचनेबद्दल

चिपळूणहून एका तरुणाने विचारले आहे, ते थोडक्यात असे. त्यांनी पावसाळ्यात सागाच्या पट्टीतून ६० इंची धनुष्य बनवले. मधली ८ इंच मूठ न वाकणारी. दोन्ही भुजा मुठीपासून टोकापर्यंत जवळपास सारख्याच, सव्वा इंच रुंद आणि साडेचार सूत जाड; टोकाशीही रुंदी १ इंच. ओढ, म्हणजे पूर्ण ओढल्यावर मुठीपासून दोरीपर्यंतचे अंतर, २८ इंच. तेवढे ओढायला पहिल्या दिवशी ५० पौंडांचा जोर लागला, महिन्याभरात तो ४१ वर आला. दोरी उतरवली तरी टोके ३ इंच आत वाकलेलीच राहतात, आणि बाण रेंगाळत जातो. आता पुढचे धनुष्य ६० पौंडांचे करावे की रचनाच बदलावी?

रचना बदला. पौंड उलट थोडे कमीच करा, ४५ पुरे. गेली बावीस वर्षे मी लाकडाची आणि बांबूची धनुष्ये बनवते आहे. सुरुवातीच्या दहाबारा धनुष्यांत मीही याच वाटेने गेले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी शब्द ठरवून घेऊ. धनुष्याची लक्ष्याकडची बाजू म्हणजे पाठ, आपल्याकडची बाजू म्हणजे पोट. ओढताना पाठ ताणली जाते, पोट दाबले जाते. दोरी उतरवल्यावरही भुजा सरळ होत नाहीत तेव्हा आपण "बाक बसला" म्हणतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मि.मी.; वखारीत हेच माप चालते.

धनुष्य ओढताना तुम्ही त्यात ऊर्जा भरता. सोडल्यावर त्यातली काही बाणाला मिळते, उरलेली भुजांच्या आणि दोरीच्याच हालचालीत खर्च होते आणि शेवटी हातात हिसका म्हणून जाणवते. अमेरिकेत १९३० च्या दशकात पॉल क्लॉपस्टेग आणि क्लॅरेन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञांनी धनुष्याचा शास्त्रीय अभ्यास केला. त्यातली क्लॉपस्टेग यांची एक कल्पना मला अजून रोज उपयोगी पडते: भासमान वस्तुमान. हिशेबापुरते असे समजायचे की साठलेली सगळी ऊर्जा बाणालाच मिळते, पण बाणाला एक न दिसणारे ओझे चिकटलेले आहे. एकाच धनुष्यासाठी हे ओझे बाण बदलला तरी जवळपास तेच राहते.

आकडे घालून पाहू. ४५ पौंड म्हणजे २०० न्यूटन. दोरी ताणलेल्या जागेपासून पूर्ण ओढीपर्यंत ५२ सें.मी. अंतर धरले तर साठलेली ऊर्जा ढोबळमानाने ५२ ज्यूल. भासमान वस्तुमान १५ ग्रॅम असेल तर ३० ग्रॅमचा बाण सेकंदाला ४८ मीटर वेगाने निघतो आणि दोन तृतीयांश ऊर्जा नेतो. आता पौंड तेच ठेवून भुजा अशा घडवल्या की ते ओझे १० ग्रॅमवर आले, तर तोच बाण सेकंदाला ५१ मीटरने जातो आणि तीन चतुर्थांश ऊर्जा नेतो. हाच वेग पहिल्या धनुष्याकडून हवा असेल तर त्याची ताकद ५० पौंडांच्या वर न्यावी लागेल. ५ पौंड जास्त ओढण्याचे कष्ट ५ ग्रॅम वाचवून टळतात. ६० पौंडांचा विचार सोडा म्हणते ते यासाठी.

हे ५ ग्रॅम भुजेच्या कुठल्या भागातून काढायचे ते महत्त्वाचे. दोरी सुटल्यावर भुजेचा प्रत्येक भाग वेगळ्या वेगाने पुढे येतो. मुठीजवळचे लाकूड जेमतेम हलते, टोक सर्वांत जास्त. आणि गतीत जाणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. टोकाच्या एक तृतीयांश वेगाने जाणारा भुजेचा मधला भाग धरा: तिथला १ ग्रॅम टोकाच्या १ ग्रॅमच्या नवव्या हिश्श्याइतकीच ऊर्जा खातो. म्हणून मुठीजवळ लाकूड मोकळ्या हाताने ठेवा, शेवटच्या ८ इंचांत मात्र प्रत्येक ग्रॅमचा हिशेब मागा. तुमच्या मापाने त्या ८ इंचांत एकेका भुजेवर साधारण ४५ ग्रॅम साग आहे. माझ्या धनुष्यांत तिथे ३० ग्रॅमच्या वर लाकूड नसते, आणि मी वापरते ते लाकूड सागापेक्षा जड असते.

तरी तुमच्या धनुष्याचे मोठे नुकसान टोकांनी केलेले नाही, बाकाने केले आहे. त्याचे कारण जाडीत आहे. लाकूड वाकवले की त्याच्या पृष्ठभागावर किती टक्के ताण किंवा दाब येतो, हे जाडीला वाकण्याच्या त्रिज्येच्या दुपटीने भागले की कळते. ११ मि.मी. जाडीची भुजा ७५ सें.मी. त्रिज्येत वाकली तर ०.७३ टक्के. हे चांगले लाकूड सोसते. तुमची १४ मि.मी. जाडीची, आखूड भुजा त्याच ओढीला ६० सें.मी.च्या आसपास त्रिज्येत वाकली असणार, म्हणजे जवळपास १.२ टक्के. लाकूड ताणापेक्षा दाबाला कमकुवत असते. १ टक्क्याच्या आगेमागे पोटाकडचे तंतू कायमचे चुरगळतात आणि पुन्हा लांब होत नाहीत. पोटावर तिरपा उजेड पाडून पाहा. मुठीच्या लगत केसासारख्या बारीक आडव्या सुरकुत्या दिसल्या तर धनुष्य तिथेच चुरगळले आहे.

मुठीच्या लगतच का, हेही बघा. दोरी टोकाला ओढते. त्या ओढीचा तरफेसारखा जोर टोकाशी शून्य असतो आणि मुठीकडे सरकत जावे तसा सरळ वाढत जातो. तुमची भुजा सगळीकडे जवळपास सारखीच रुंद आणि सारखीच जाड आहे. म्हणजे जिथे जोर सर्वांत जास्त, तिथे लाकूड जोराच्या मानाने सर्वांत कमी. बाहेरचा अर्धा भाग नुसता ओझे म्हणून बसला आहे आणि आतली चार-सहा इंचे एकट्याने मार खात आहेत. त्यात मुठीजवळचा बाक सर्वांत महागात पडतो, कारण तिथे थोडा कोन बदलला की टोक खूप सरकते.

उपाय साधा आणि देखणा आहे. जोर ज्या प्रमाणात वाढतो त्याच प्रमाणात रुंदी वाढवायची आणि जाडी एकसारखी ठेवायची. वरून पाहिले तर भुजा लांबट त्रिकोणासारखी दिसते, मुठीशी रुंद, तिथून सरळ रेषेत टोकाकडे निमुळती. अशी भुजा वर्तुळाच्या कमानीत वाकते आणि तिच्या प्रत्येक इंचावर सारखाच ताण येतो. इंग्रजीत या रचनेला पिरॅमिड बो म्हणतात. पहिल्या पाच धनुष्यांसाठी मी सगळ्यांना हीच सुचवते, कारण आकारानेच निम्मे काम केलेले असते. जाडी एकसारखी असल्याने कॅलिपरने चूक लगेच सापडते. आणि रुंदी टोकाकडे आपोआप कमी होत गेल्याने टोक हलके होते ते वेगळेच.

लांबीसाठी माझा हिशेब असा: ओढीची दुप्पट, अधिक मुठीचा न वाकणारा भाग, अधिक ३ ते ४ इंच सोडीव, म्हणजे जादा ठेवलेली लांबी. तुमची ओढ खरेच २८ इंच असेल तर ५६ अधिक ८, म्हणजे ६४, आणि वर सोडीव धरून ६७-६८. पण ओढ आधी नीट मोजा. दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटांच्या टोकांमधले अंतर घ्या आणि अडीचने भागा. साडेपाच फूट उंचीच्या माणसाची ओढ २६ इंचांच्या आसपास निघते. २८ इंची बाण विकत मिळतात म्हणून २८ इंच ओढणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत; त्यांचा खांदा वर चढतो आणि धनुष्यावरही विनाकारण भार येतो. २६ निघाली तर ६४ इंचांत काम होईल. त्याहून फार लांब करू नका, कारण लांबी वाढली की टोकाचे ओझेही वाढते. फार आखूड केले तर दुसरी पंचाईत. शेवटच्या दोन-तीन इंचांत दोरी आणि टोक यांच्यातला कोन काटकोनाकडे जातो, ओढ एकदम जड होते आणि मिळते मात्र थोडेच.

जाडी आणि रुंदी यांचा व्यवहार एकदा कळला की धनुष्य बनवण्यातले अर्धे गूढ उकलते. पट्टीचा कडकपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. १२ मि.मी. जाडी ११ केली की कडकपणा २३ टक्क्यांनी उतरतो. तो भरून काढायला रुंदी ३० टक्के वाढवावी लागते. मुठीजवळ नेमके हेच करायचे: रुंद आणि पातळ, म्हणजे वाकताना चुरगळत नाही. टोकाजवळ उलट. तिथे वाकणे थोडेच असते, म्हणून ताणाची भीती नाही, आणि कमीत कमी लाकडात कडकपणा हवा असतो. २५ मि.मी. रुंद आणि १० मि.मी. जाड टोकाच्या जागी १२ रुंद आणि १३ जाड टोक घ्या. कडकपणा जवळपास तोच, लाकूड ३७ टक्के कमी. म्हणून त्रिकोणी रचनेतही शेवटच्या ६ इंचांत जाडी थोडी वाढू देते आणि रुंदी ४ सुतांपर्यंत आणते.

इथे एक सावधगिरी, स्वतः भोगून शिकलेली. एका वर्षी लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी मी टोके ८ मि.मी. रुंद आणि १५ मि.मी. जाड केली. आधीच्या धनुष्यापेक्षा बाण स्पष्ट पुढे पडू लागला. तिसऱ्या आठवड्यात दोरी चढवताना वरची भुजा आडवी पिळली, दोरी खाचेतून निसटली आणि भुजा मुठीजवळ फाटली. पातळ, उभट टोक बाजूला कलायला निमित्तच शोधत असते. दोरी मुठीच्या अगदी मधून जात नसेल तर ते निमित्त मिळते. आता मी वाकणाऱ्या भागात जाडी रुंदीच्या वर कधीच जाऊ देत नाही, आणि न वाकणाऱ्या टोकातही फारतर एकदोन मि.मी.ने. टोके अरुंद करण्याआधी दोरी मुठीच्या मधोमध बसते आहे की नाही हे पक्के करा. बाजूला जात असेल तर ज्या कडेकडे दोरी कलते त्याच्या विरुद्ध कडेचे लाकूड थोडे थोडे काढा; दोरी मध्यावर येते.

इंग्रजी लाँगबोचा काप पोटाकडे गोलसर असतो, मग आपण सपाट का करायचे, हा प्रश्न यानंतर हमखास येतो. १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोझ या इंग्लंडच्या युद्धनौकेवर १३० हून जास्त अखंड धनुष्ये सापडली. सरासरी लांबी साडेसहा फूट. ती सगळी यू या झाडाची आहेत. यूचे बाहेरचे पांढरे लाकूड ताणाला उत्तम आणि आतले तांबूस लाकूड दाबाला विलक्षण चिवट. त्या एका झाडाने गोल पोट सोसले. बाकी बहुतेक लाकडांत गोल पोट केले की सगळा दाब मधल्या फुगीर रेषेवर येतो आणि कडा रिकाम्या राहतात. हिकमन यांनी गणित आणि प्रयोग दोन्हींतून आयताकृती कापाच्या बाजूने सांगितले ते याच कारणाने. डेन्मार्कच्या झीलंड बेटावर होल्मगार्ड येथे १९४४ मध्ये सापडलेली एल्म लाकडाची धनुष्ये सुमारे ९००० वर्षांपूर्वीची आहेत, आणि त्यांच्याही भुजा रुंद, सपाट आहेत, टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या. ते घडवणाऱ्याला आपले लाकूड कसे वागते हे हाताने ठाऊक होते. मला तो शोध वाचून फार आनंद झाला होता.

आता लाकूड. यूचा भाऊबंद थुनेर हिमालयात आहे, सह्याद्रीत नाही. आपल्याकडे माझी पहिली पसंती धामणीला. तिचे संस्कृत नावच धन्वन किंवा धनुर्वृक्ष आहे, आणि कुऱ्हाडीचे दांडे धामणीचे का करतात ते कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. लवचीक, चिवट, हिसका सोसणारे लाकूड. तुती मिळाली तर तीही घ्या. अमेरिकेतले धनुष्यकार ज्या ओसेज ऑरेंजवर जीव टाकतात ते तुतीच्याच कुळातले झाड आहे. साग पोटासाठी चालतो, पाठीसाठी माझा त्यावर भरवसा नाही. वखारीतल्या फळीत तंतूंच्या रेषा क्वचितच सरळ असतात आणि ताणाखाली तो आधी काही न सांगता तुटतो. लाकूड कोणतेही असो, पट्टीच्या पाठीवर आणि दोन्ही कडांवर रेषा टोकापासून टोकापर्यंत धावताना दिसली पाहिजे. मध्येच रेषा कडेबाहेर पळाली तर ती पट्टी दुसऱ्या कामाला ठेवा.

पण कोकणात बसून धनुष्य बनवणाऱ्याला सगळ्यांत चांगली पाठ परसातच मिळते: बांबू. बांबूच्या बाहेरच्या कातडीलगत तंतू दाट असतात आणि ताणाला त्यांच्या जवळपास येणारे लाकूड मला माहीत नाही. तुमच्याकडचा माणगा भरीव आणि सुंदर असतो, पण बारीक. त्यातून पावणेदोन इंचांची सपाट पट्टी निघत नाही. त्यासाठी कळक घ्या, निदान ५ इंच व्यासाचा, तीन-चार वर्षे जुना, हिवाळ्यात तोडलेला. कोवळ्या बांबूला भुंगा लवकर लागतो. पट्टी फक्त आतल्या बाजूने रंधा, कातडीला हात लावू नका, पेरांवरचा उंचवटाही तासून सपाट करू नका. तो तासला की तंतू तुटतात आणि धनुष्य नेमके पेरावर मोडते. मुठीजवळ पट्टी मधोमध ४ ते ५ मि.मी., टोकाला २ मि.मी., कडा अगदी पातळ. खाली धामणीची किंवा सागाची पट्टी, मध्ये सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी. चिकटवताना साच्यावर टोके लक्ष्याच्या बाजूला दीड इंच उचलून बांधा. नंतर थोडा बाक बसला तरी धनुष्य सरळच्या पुढे राहते आणि ओढीच्या सुरुवातीपासून जास्त ऊर्जा साठवते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्ये चार द्रव्यांची सांगितली आहेत: ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. दोऱ्यांच्या यादीत मूर्वा, रुई, ताग, स्नायू यांच्याबरोबर वेणू, म्हणजे बांबूही आहे. बांबूची दोरी हा काहीतरी पाठभेद असेल असे मला कित्येक वर्षे वाटत होते. मग धडगावच्या बाजूला सातपुड्यात एका भिल्ल आजोबांचा तिरकमठा हातात घेतला. कमठा बांबूचा, आणि दोरीच्या जागी बांबूचीच चिरलेली, तासून गुळगुळीत केलेली पात, दोन टोकांना दोरखंडाच्या फासात अडकवलेली. ती पात वजनाला आपल्या डॅक्रॉनच्या, म्हणजे पॉलिएस्टर धाग्याच्या, दोरीइतकीच, पण जवळपास न ताणणारी. दोरी ताणली गेली तर भुजांची शेवटची ऊर्जा तिच्यातच मुरते. न ताणणारी दोरी ती बाणाला देते. आज लोक पॉलिथिलीनच्या महाग दोऱ्या याच गुणासाठी घेतात. दोरीच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा बाणाच्या ओझ्यात धरावा लागतो, तेव्हा दोरी हलकी असणेही फायद्याचे, पण १० ग्रॅमच्या दोरीतून वाचून वाचणार १-२ ग्रॅम. आधी टोके, मग दोरी. न ताणणारी दोरी लावणार असाल तर खाचांवर शिंगाचा किंवा कठीण लाकडाचा तुकडा चिकटवा, नाहीतर ती मऊ लाकडात उतरत जाते.

तुमचा प्रश्न वाचताना मी सर्वांत आधी थांबले ते "पावसाळ्यात" या शब्दाशी. हवेतली आर्द्रता ५० टक्के असताना लाकडात साधारण ९ टक्के पाणी राहते, धनुष्याला हवे तेवढेच. श्रावणात चिपळूणला आर्द्रता ८५-९० पर्यंत जाते आणि लाकूड १८-२० टक्क्यांवर. तसे लाकूड दाबाखाली मेणासारखे वागते. तुम्ही अगदी योग्य मापाचे धनुष्य त्या दिवसांत वाकवले असते तरी बाक बसलाच असता. पट्टी ओबडधोबड तासून झाली की दर दोन दिवसांनी तिचे वजन करा आणि पट्टीवरच पेन्सिलने लिहा. वजन उतरायचे थांबले म्हणजे लाकूड त्या हवेशी जुळले. पावसाळ्यात काम करायचेच असेल तर प्लायवूडची लांब पेटी करून आत जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा दिवा लावा, तापमान ३५ ते ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र आत ठेवा. ४५ ते ५० टक्के दिसू लागले की बरोबर. फार वाळवूनही चालत नाही. ६ टक्क्यांच्या खाली गेलेले लाकूड पाठीकडून फुटते.

मापे एकत्र सांगते, तुमची ओढ २६ निघेल असे धरून. लांबी ६४ ते ६६ इंच. मूठ ४ इंच, तिच्या दोन्ही बाजूंना २-२ इंचांचा उतार. उताराच्या शेवटी रुंदी ४५ मि.मी., तिथून सरळ रेषेत टोकाशी १२ मि.मी. बांबूसकट जाडी सुरुवातीला १४ मि.मी. ठेवा, ४५ पौंडांना ती शेवटी १० ते ११ च्या दरम्यान येईल. तयार धनुष्य अर्ध्या किलोच्या आसपास भरेल.

१४ वरून ११ वर येणे हे खरे कसबाचे काम, ज्याला टिलरिंग म्हणतात. सगळे लाकूड पोटाकडून काढायचे. वाकस आणि रंधा १३ मि.मी.पर्यंतच, पुढे जाड दातांची कानस, आणि शेवटी फुटक्या काचेची धार किंवा पत्र्याची खरवडणी. आधी टोक जमिनीला टेकवून मूठ दाबत पाहा, भुजा हलू लागली का. मग सैल लांब दोरी लावून भिंतीवरच्या खुंटीला मूठ अडकवा, दोरी कप्पीतून खाली आणा, मध्ये लटकवायचा वजनकाटा. स्वतः सहा-सात फूट मागे उभे राहून ओढा. जवळून भुजांचा आकार कळत नाही. मागे भिंतीवर आडव्या रेघा मारलेल्या असतील तर फार सोपे जाते.

दोन नियम मी कधी मोडत नाही. पहिला: धनुष्य कोणत्याही अवस्थेत अपेक्षित वजनापेक्षा जास्त ओढायचे नाही. ४५ पौंडांचे करायचे आहे आणि १५ इंचांवरच ४५ भरले, तर तिथेच थांबून लाकूड काढायचे. "जरा पुढे काय होते बघू" म्हणून ५५ पौंडांपर्यंत ओढले की पोटाचे तंतू त्याच क्षणी चुरगळतात, आणि पुढे कितीही नीट काम केले तरी तो बाक जात नाही. दुसरा: प्रत्येक खरवडीनंतर त्याच ओढीला तीस-चाळीस वेळा सावकाश ओढून सोडायचे, म्हणजे काढलेल्या लाकडाचा परिणाम दिसू लागतो. ११ मि.मी.मधून अर्धा मि.मी. गेला की त्या जागी १३ टक्के कडकपणा गेला, तेव्हा घाईने खरवडणारा माणूस हमखास एके ठिकाणी बिजागरी करून ठेवतो, म्हणजे भुजा तेवढ्याच जागी जास्त वाकते. अशी बिजागरी दिसली तर तिला अजिबात हात न लावता बाकीची भुजा तिच्या बरोबरीला आणायची. पौंड कमी होतात, होऊ द्या.

भुजा २० इंचांच्या ओढीपर्यंत सारख्या वाकू लागल्या की खरी दोरी चढवा, मुठीपासून ६ इंच अंतरावर. दर वेळी दोरी उतरवल्यावर धनुष्य सपाट फळीवर ठेवून बाक मोजा. २० इंचांवर बाक दिसू लागला असेल तर धनुष्य तुम्हाला सांगते आहे की या लाकडाला इतके पौंड झेपणार नाहीत. तेव्हाच ५ पौंड खाली उतरा. पुढच्या ६ इंचांत वाचवण्यासारखे काही उरत नाही. बाण पहिल्या आणि दुसऱ्या बोटांच्या मध्ये धरत असाल तर खालची भुजा वरच्यापेक्षा किंचित कडक ठेवा, दोरीपासूनच्या अंतरात सूतभर फरक पडेल इतकीच.

बाण ३० ग्रॅमच्या आसपास घ्या. आधीच्या उदाहरणातल्या १५ ग्रॅम ओझ्याच्या धनुष्यावर २० ग्रॅमचा बाण सेकंदाला ५४ मीटरने जाईल, पण ऊर्जा ५७ टक्केच नेईल. उरलेली दर वेळी धनुष्याच्या अंगावर येईल. रिकामी दोरी सोडणे तर कधीच नको.

वेग मोजायला महाग यंत्र लागत नाही. १८ मीटरवर जाड पुठ्ठ्यांचे लक्ष्य ठेवा, मोबाइल स्वतःजवळ ठेवून आवाज मुद्रित करा, आणि दोरीचा आवाज ते आदळण्याचा आवाज हे अंतर मोबाइलवरच्या आलेखात मोजा. आदळल्याचा आवाज परत यायला ०.०५ सेकंद लागतात, तेवढे वजा करा. ०.४३ सेकंद दिसले तर बाणाचा वेग ४७-४८ मीटर आहे. दहा बाणांची सरासरी घ्या. मग टोकांच्या कडा दोन्हीकडून प्रत्येकी अर्धा मि.मी. उतरवा, पुन्हा दहा बाण मोजा. हा फरक कानांनी ऐकलात की पुढे टोके जाड ठेवणे तुमच्याकडून होणार नाही.

आताचे सागाचे धनुष्य टाकून देऊ नका. ते दिवाळीपर्यंत कोरड्या खोलीत आडवे ठेवा, मग टोके ४ सुतांवर आणा, भुजा बाहेरच्या निम्म्या भागात पातळ करा म्हणजे तिथेही वाकतील, आणि २४ इंच ओढीला ३० पौंडांवर थांबा. बाक जाणार नाही, पण घरातल्या एखाद्या मुलामुलीला शिकायला चांगले होईल. नव्या धनुष्यासाठी कळक मार्गशीर्षात तोडून ठेवा.